माणसाले काहून नाही?

पोळ्याच्या तोंडावर मामांचा एक बैल आजारी पडला. रोवणी आटोपली होती, बांध्या पाण्याने भरल्या होत्या, आणि सगळीकडे ओल्या गवताचा, शेणाचा, निंबाच्या धुराचा मिसळलेला वास होता. चंद्रपूरच्या त्या धानपट्ट्यात संध्याकाळी गोठ्यात निंबाचा पाला जाळतात, म्हणजे डास आणि गोमाश्या जरा लांब राहतात. बैल त्या धुरात मान खाली घालून उभा होता. डोळ्यांतून पाणी, अंगात ताप. मधेच ताप उतरायचा, तो चार घास खायचा, मामांना हायसं वाटायचं, आणि पुन्हा अंग तापायचं. मग तो खुंट्याभोवती एकाच दिशेने गोल फिरायला लागला, दाव्याला हिसके देत. पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर सकाळी येऊन कानाच्या शिरेतून रक्त घेऊन गेले आणि दुपारी मोटारसायकलवरून परत आले ते औषध घेऊनच. ‘सर्रा आहे,’ एवढंच म्हणाले आणि सिरिंज भरायला घेतली.

मामी दारातूनच म्हणाली, ‘‘हे माणसाले होत नाही नं, डॉक्टरसाहेब? लेकरं दिवसभर गोठ्यातच असतात.’’

‘‘नाही, माणसाला नाही होत.’’

मामी आत गेली, पण मामांचं समाधान झालं नाही. ‘‘बैलाले होते, म्हशीले होते, घोड्याले, कुत्र्याले होते म्हणता. माशी तं आमालेबी चावते. मंग माणसाले काहून नाही?’’ डॉक्टरांचं सगळं लक्ष सुईकडे होतं. मामा माझ्याकडे वळले. ‘‘तू तं हेच शिकवतेस नं, बाई?’’ तेवढ्यात बैलाने पुन्हा हिसका दिला, चार माणसं त्याला धरायला धावली, आणि तो प्रश्न तिथेच राहिला.

मी नागपूरला जीवरसायनशास्त्र शिकवते. रक्त तपासणारे तंत्रज्ञ ज्या वर्गातून बाहेर पडतात, तो माझा वर्ग. त्याआधी काही वर्षं पुण्यात एका प्रयोगशाळेत प्रथिनं शुद्ध करण्यात गेली. म्हणजे मामांच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं, अगदी त्या प्रथिनाच्या अमिनो आम्लांच्या संख्येसकट. पण परतीच्या बसमध्ये मूल, नागभीड, उमरेड मागे पडत गेले तरी तो प्रश्न काही सुटेना. आपल्याला अमुक रोग होत नाही, हे आपण किती सहज म्हणतो. ते ‘न होणं’ घडवून आणायला आपल्या रक्तात अहोरात्र काहीतरी राबत असतं, आणि ते राबतंय हे कळायला जगाला ज्याची गाठ पडावी लागली, तो माणूस मामांच्याच जिल्ह्यातला शेतकरी होता.

सर्राचा परजीवी म्हणजे ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय, एकाच पेशीचा जीव. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या लष्करी पशुवैद्याने आज पाकिस्तानात असलेल्या डेरा इस्माईल खान इथे आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात तो पाहिला. रोग घडवणारा ट्रिपॅनोसोम माणसाने ओळखला तो हा पहिला. आफ्रिकेतल्या निद्रारोगाचे ट्रिपॅनोसोम त्याचे सख्खे भाऊबंद, पण त्यांना त्सेत्से माशी लागते. याने ती गरज मागे टाकली. आपल्याकडची कुठलीही चावरी गोमाशी एका जनावराचं रक्त अर्धवट टाकून दुसऱ्यावर बसली की तिच्या सोंडेवर राहिलेलं रक्त पुरतं. ताज्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन पाहिला, तर आधी परजीवी दिसतच नाही, दिसते गडबड. एका जागी लाल पेशी एकमेकींना धक्के देत हलायला लागतात, आणि मग त्यांच्यामधून तो निघतो, लाल पेशीच्या तिप्पट लांब, अंगाच्या कडेला पातळ झालर, ती झालर लहरवत. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा डोळा सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसवरून हटेना. इतकी सुंदर चाल एखाद्या रोगाची असावी, याचं मला आजही वाईट वाटतं, आणि तरी ती सुंदर आहे हे नाकारता येत नाही.

तो रक्तात उघड्यावर राहतो. मलेरियाचा परजीवी लाल पेशीत शिरून लपतो. हा लपत नाही. शरीराच्या सगळ्या पहाऱ्यासमोर तो महिनोन्‌महिने पोहत राहतो, आणि हे त्याला जमतं ते एका प्रथिनामुळे. त्याच्या सबंध अंगावर एकाच प्रथिनाचे जवळजवळ १ कोटी रेणू दाटीवाटीने उभे असतात, इतके की त्याखालचं पेशीचं पटल अँटिबॉडीच्या हाताला लागतच नाही. शरीर या आवरणाविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, परजीवी भराभर मरतात, ताप उतरतो. पण त्यातल्या मोजक्या काहींनी तोवर दुसरं आवरण चढवलेलं असतं, वेगळ्या घडणीचं. ते वाढतात, ताप पुन्हा चढतो. त्याच्या जनुकसंचात अशा आवरणांची दोन हजारांहून जास्त जनुकं असतात. बरीचशी तुटकी, पण तुकडे जोडून नवं आवरण बनवता येतं; आणि एका वेळी चालू असतं फक्त एक. गावात बहुरूपी येतो, आज पोलीस, उद्या साधू, परवा आणखी कोणी, आणि दारातल्या माणसाने ओळखेपर्यंत सोंग बदललेलं असतं, तसा हा. मामांच्या बैलाचा ताप चढत-उतरत होता, तो या सोंगांच्या तालावर.

या आवरणाचं रसायनशास्त्र ज्यांनी उलगडलं, त्यांच्याबद्दल मला विशेष आपुलकी आहे, कारण ते काम हाताने करायचं होतं. केंब्रिजमध्ये जॉर्ज क्रॉस यांनी एकाच परजीवीपासून वाढवलेल्या वेगवेगळ्या वंशावळी घेतल्या, प्रत्येकीचं आवरण-प्रथिन अलग केलं आणि १९७५ साली दाखवलं की दरेक वंशावळीचं प्रथिन वेगळं आहे. नुसत्या वरवरच्या साखरा बदललेल्या नव्हत्या, अमिनो आम्लांची माळच निराळी होती. आज कोणी म्हणेल, यात काय, जनुकांचा क्रम वाचायचा की झालं. तेव्हा जनुक वाचणं इतकं हाताशी नव्हतं. प्रथिन शुद्ध करायचं, त्याच्या टोकाचं एकेक अमिनो आम्ल तोडून ओळखायचं.

ज्याने कधी प्रथिन शुद्ध केलेलं नाही, त्याला ते दिवस कसे सांगावेत? चार अंशांच्या कोल्ड रूममध्ये स्वेटर घालून बसायचं, बाहेर पुण्याचा मे महिना असला तरी. काचेच्या उभ्या नळीतून द्राव थेंबाथेंबाने उतरत असतो, ओळीने मांडलेल्या टेस्टट्यूबांमध्ये. बोटं बधिर होतात. मर्कॅप्टोइथेनॉलचा कुजक्या अंड्यासारखा वास केसांत बसतो आणि घरी जेवायला बसल्यावरही येत राहतो. संध्याकाळी प्रथिनं पट्ट्यापट्ट्यांत वेगळी करणारी जेल निळ्या रंगात बुडवायची आणि रात्रभर तो रंग धुवायचा. सकाळी स्वच्छ झालेल्या जेलमध्ये जिथे काल पंचवीस पट्टे होते तिथे एकच निळी रेघ उरलेली दिसली, तर तो आनंद कोणाला फोन करून सांगता येत नाही. आई विचारायची, ‘‘मिळालं का तुझं ते?’’ आणि मी ‘‘हो, मिळालं’’ म्हणायचे. त्यापुढे दोघींना बोलायला काही नसायचं, तरी तिला आनंद झालेला असायचा.

क्रॉस यांच्या कामात एक विलक्षण गोष्ट होती. पटलात रुतलेली प्रथिनं काढणं फार त्रासाचं असतं. साबणासारखी द्रव्यं वापरावी लागतात आणि ती पुढे प्रत्येक पायरीला आडवी येतात. ट्रिपॅनोसोमची पेशी मात्र फोडली की हे आवरण-प्रथिन आपणहून सुटून पाण्यात येतं. का, ते पुढे १९८५ च्या सुमाराला कळलं. मायकेल फर्ग्युसन, कस्तुरी हलदर आणि क्रॉस यांनी दाखवलं की हे प्रथिन पटलात रुतलेलंच नसतं. त्याच्या शेपटाला साखरांची साखळी आणि पुढे एक स्निग्ध टोक जोडलेलं असतं, आणि ते टोकच पटलात अडकवलेलं असतं. पेशी फुटली की तिच्यातलंच एक विकर ते टोक कापतं. या जोडणीची संपूर्ण रचना १९८८ मध्ये आली. पाठोपाठ कळलं की असेच खिळे आपल्या स्वतःच्या पेशींवरही आहेत, शंभराहून जास्त प्रथिनं अशीच टांगलेली. आणि ज्यांच्या रक्तपेशी ही जोडणी बनवू शकत नाहीत, त्यांच्या लाल पेशी फुटून सकाळची लघवी काळसर होते. आफ्रिकेतल्या गुरांच्या परजीवीवर घालवलेल्या वर्षांतून माणसाच्या एका दुर्मिळ रक्तविकाराची गाठ अशी सुटली. ‘याचा उपयोग काय’ असं विद्यार्थी विचारतात तेव्हा मी हे सांगते, पण खरं सांगायचं तर मला त्या उपयोगापेक्षा ते आपणहून पाण्यात सुटणारं प्रथिन जास्त आवडतं.

आवरणावर अँटिबॉडी येऊन चिकटली तरी परजीवी गप्प बसत नाही. जर्मनीतल्या मार्कुस एंग्स्टलर यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं की तो पुढे पोहत राहिल्याने, त्या प्रवाहाच्या रेट्याने, चिकटलेल्या अँटिबॉडी मागे मागे सरकत जातात, शेवटी मागच्या टोकाजवळच्या एका खळग्यात पडतात आणि तो त्या गिळून पचवतो. पोहणं हेच त्याचं अंग झाडणं. एवढी तयारी असलेल्या जिवाला माणसाच्या रक्तात टिकता का येऊ नये? मामा हेच तर विचारत होते.

१९०२ मध्ये आल्फोंस लाव्हरां यांना दिसलं होतं की ट्रिपॅनोसोमने आजारी असलेल्या उंदराला माणसाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, टोचलं, तर परजीवी नाहीसे होतात. गाईच्या, घोड्याच्या सीरमने हे होत नाही. मग माणसाच्या सीरममध्ये नेमकं काय आहे? या प्रश्नाला शंभर वर्षं लागली. १९७८ मध्ये मेरी रिफ्किन यांनी दाखवलं की मारक घटक एचडीएलमध्ये आहे, ज्याला आपण लिपिड प्रोफाइलच्या कागदावर ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणून वाचतो आणि जास्त आलं की खूश होतो. पण एचडीएल म्हणजे एक रेणू नव्हे, स्निग्ध पदार्थांचा आणि निरनिराळ्या प्रथिनांचा गोळा. त्यातलं कोणतं प्रथिन?

उत्तर आलं ब्रुसेल्सहून, आणि आडवाटेने. एतियेन पेज यांच्या गटाने उलटा प्रश्न विचारला: पूर्व आफ्रिकेतला जो ट्रिपॅनोसोम माणसाला बाधतोच, तो आपल्या सीरममध्ये वाचतो कसा? १९९८ मध्ये त्यांनी त्याला वाचवणारं जनुक शोधलं. त्यातून बनणारं प्रथिन हे आवरण-प्रथिनाचंच छाटलेलं, बदललेलं रूप निघालं. तेच सोंगांच्या पेटीतलं एक जुनं सोंग, नव्या कामाला लावलेलं. मग त्यांनी ते प्रथिन गळ म्हणून वापरलं: माणसाच्या सीरममधलं काय याला येऊन चिकटतं ते पाहायचं. २००३ मध्ये गळाला लागलेलं प्रथिन जाहीर झालं, अपोलिपोप्रोटीन एल-१. ३९८ अमिनो आम्लांची माळ. गाई-बैलांत नाही, घोड्या-कुत्र्यांत नाही; माणसात, गोरिलात, बबूनसारख्या काही माकडांत आहे. चिंपांझी आपला इतका जवळचा, तरी त्याच्याकडे नाही.

ते मारतं कसं, हे मला फार हृद्य वाटतं. ट्रिपॅनोसोमला हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग, स्वतः बनवता येत नाही, म्हणून आपल्या रक्तात सुटं पडलेलं हिमोग्लोबिन तो ओढून घेतो. हे हिमोग्लोबिन हॅप्टोग्लोबिन नावाच्या प्रथिनाला बांधलेलं असतं आणि परजीवीच्या अंगावर त्या जोडीसाठी खास ग्राहक, म्हणजे तिला पकडणारं प्रथिन, असतं. माणसाच्या त्या विशिष्ट एचडीएलमध्ये हॅप्टोग्लोबिनचा जवळचा नातेवाईक बसवलेला आहे, आणि त्याच्याच शेजारी अपोलिपोप्रोटीन एल-१. परजीवी आपलं अन्न समजून सगळा गोळा आत घेतो. पेशीच्या आम्लयुक्त पोटात पोचल्यावर एल-१ चा आकार पालटतो, ते पटलात शिरतं आणि छिद्र पाडतं. आयन आत घुसतात, मागोमाग पाणी, पोट फुगत जातं आणि परजीवी फुटतो. छिद्रातून नेमके कोणते आयन जातात आणि घातक छिद्र आतल्या पटलाला पडतं की बाहेरच्या, यावर प्रयोगशाळांमध्ये अजून चुरशीचा वाद आहे. पण गोमाशी चावल्यावर मामांच्या रक्तात हे होत असतं. त्यांना कळत नाही, खाजवून ते पुढच्या कामाला लागतात.

एवढं सगळं काचेच्या भांड्यात, उंदरांत सिद्ध झालेलं होतं. माणसाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट कुठल्याही प्रयोगशाळेला करता येण्यासारखी नव्हती: हे प्रथिन काढून घेतलेला माणूस, आणि त्याच्यासमोर परजीवी.

२००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातला एक शेतकरी तापाने आजारी होता. ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. पाच महिने. आपल्याकडे पावसाळ्यात असा ताप म्हणजे मलेरियाच, आणि रक्त तपासायला जातं तेव्हा फॉर्मवर दोनच अक्षरं असतात: एमपी, मलेरिया पॅरासाइट. तंत्रज्ञाने काचेवर रक्ताचा पातळ थर, म्हणजे स्मिअर, करायचा, रंगवायचा, लाल पेशींच्या आत अंगठी दिसते का पाहायचं, नसेल तर ‘एमपी निगेटिव्ह’ लिहून पुढची काच घ्यायची. या काचेवर मात्र पेशींच्या आत काही नव्हतं, पेशींच्या मधे होतं. लांब, वळलेलं, जांभळ्या केंद्रकाचं, माणसाच्या रक्तात असूच नये असं. ते कोणीतरी पाहिलं, आणि रंगाचा डाग किंवा काचेवरची घाण समजून सोडून दिलं नाही. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी बाकी सगळ्या चाचण्या केल्या, परदेशी प्रयोगशाळांची मदत घेतली, आणि २००५ मध्ये प्रसिद्ध केलं: ट्रिपॅनोसोमा इव्हान्सायचा माणसातला हा नोंदला गेलेला पहिला रुग्ण. मेंदूपर्यंत परजीवी पोचलेला नव्हता, म्हणून सुरामिन देता आलं. १९१६ साली जर्मनीत बनवलेलं, आफ्रिकेतल्या निद्रारोगावरचं ते जुनं औषध विदर्भातल्या एका शेतकऱ्याच्या शिरेतून गेलं आणि तो बरा झाला.

मग त्याचं सीरम ब्रुसेल्सला तपासलं गेलं. ट्रिपॅनोसोम त्यात आरामात जगत होते. त्याच्या शरीरात अपोलिपोप्रोटीन एल-१ नव्हतंच. आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली, जनुकाच्या दोन्ही प्रतींत बिघाड होता. आणि त्या सीरममध्ये बाहेर बनवलेलं एल-१ घातल्याबरोबर परजीवी मरायला लागले. २००६ मध्ये हे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं. तो लेख मी पुण्यात असताना वाचला. आकृती पाहून आधी निव्वळ आनंद झाला, कोल्ड रूममधल्या निळ्या रेघेसारखाच. इतका स्वच्छ निकाल क्वचित मिळतो. मग ‘चंद्रपूर’ हे नाव पुन्हा दिसलं आणि तो आनंद थोडा अवघडला. लहानपणी सुट्टीत त्या पट्ट्यातल्या गोठ्यांत मी बागडलेली आहे. ज्यातून निकाल आला, ते एका माणसाचं पाच महिन्यांचं दुखणं होतं. त्या दिवसांत त्याची रोवणी कोणी केली असेल, दवाखान्यांच्या फेऱ्यांसाठी पैसे कुठून आले असतील, यातलं लेखात काही नसतं आणि नसावंही. तरी माझ्या मते अपोलिपोप्रोटीन एल-१ च्या सगळ्या इतिहासातला निर्णायक पुरावा तोच आहे, आणि तो ब्रुसेल्सच्या प्रयोगशाळेइतकाच नागपूरच्या त्या काचेने दिला.

त्याच्या गावातल्या १,८०६ लोकांचं रक्त पुढे तपासलं गेलं. कार्डावरच्या झटपट अँटिबॉडी चाचणीत ४१० जण पॉझिटिव्ह आले, सीरमवर फेरतपासणी केल्यावर ८१ उरले, आणि ज्यांची प्रतिक्रिया सर्वांत तीव्र होती अशा ६० जणांच्या रक्तात शोध घेतला तरी एकही परजीवी सापडला नाही. मला ही आकडेवारी त्या एका रुग्णाइतकीच बोलकी वाटते. सबंध गाव गुरांसोबत राहतं, त्याच माश्या सगळ्यांना चावतात, आणि तरी सगळे धडधाकट. त्यांच्यापैकी कोणीही या प्रथिनाचं नाव ऐकलेलं नसेल.

गोष्ट इथे नीट संपली असती, पण पुढे व्हिएतनाममध्ये एका बाईला हाच आजार झाला, आणि तिच्या जनुकाच्या दोन्ही प्रती अगदी चांगल्या होत्या, प्रथिनाचं प्रमाणही ठीक. म्हणजे पहारा असूनही कधीकधी तो शिरतो. शिवाय या प्रथिनाची दुसरी बाजू २०१० मध्ये समोर आली. पश्चिम आफ्रिकेत गेल्या काही हजार वर्षांत एल-१ चे दोन नवे प्रकार वाढले, जी-१ आणि जी-२. पूर्व आफ्रिकेतल्या ट्रिपॅनोसोमची ती छाटलेल्या प्रथिनाची ढाल त्यांच्यापुढे चालत नाही, ते त्यालाही मारतात. पण ज्याला दोन्ही पालकांकडून असे प्रकार मिळतात, त्याची मूत्रपिंडं निकामी होण्याचा धोका बराच वाढतो. अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांत डायलिसिसवर जाणाऱ्यांचं प्रमाण इतकं जास्त का, याच्या उत्तराचा मोठा भाग इथे सापडला. ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून जहाजांत कोंबून नेले, त्यांच्या रक्तातला पहारा समुद्रापलीकडे जिथे तो परजीवीच नाही तिथेही चालू राहिला, आणि मूत्रपिंडाच्या पेशींना छिद्रं पाडत राहिला. आता या छिद्रालाच बुच मारणाऱ्या गोळ्यांच्या चाचण्या चालू आहेत. आणि चंद्रपूरच्या शेतकऱ्याने इथेही एक आधार दिला: या प्रथिनाशिवाय माणूस जन्मतो, वाढतो, शेती करतो, संसार करतो. म्हणजे ते बंद पाडलं तरी चालण्यासारखं आहे, निदान जिथे सर्रा नाही तिथे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी आणि पिवळी, दोन अजस्र पुतळे, गल्ल्यांमधून माणसांचा लोंढा, आणि आरोळी: ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत!’ खेड्यापाड्यांत त्यात माश्या, डास, ढेकूण, खोकला, सगळ्यांची नावं घेतात. त्या वर्षी मी इतवारीत उभी होते, पावसाची भुरभुर होती, पुढच्या बाईने आपल्या बाळाला उंच धरलं होतं. मला नेहमी वाटत आलंय की ही मागणी अगदी योग्य आहे. रोग बाहेरून येतो, त्याला वेशीबाहेर घालवावं, हे माणसाला फार आधीपासून कळलेलं आहे. फक्त घालवणाऱ्यांतला एक आपल्या आतच असतो, आणि त्याची कधी मिरवणूक निघत नाही.

दिवाळीत मामांना मी हे सगळं सांगितलं. अंगणात बाजेवर बसून, प्रथिनाला प्रथिनच म्हणून, कारण डाळीतलं प्रथिन त्यांना माहीत होतं. बैल तोवर बरा झाला होता. पोळ्याच्या तोरणाखाली त्याला नेता आलं नव्हतं, पण ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायले या’ हे मामांनी त्याच्याही कानात सांगितलं होतं आणि पुरणपोळीचा घास दिला होता. मामांनी सगळं ऐकून घेतलं, छिद्र पडून परजीवी फुटतो तिथे मान हलवली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो त्या शेतकऱ्याचा. ‘‘बरा झाला नं तो?’’ झाला, म्हटलं. ‘‘मंग त्याले पुन्हा होऊ शकते. त्याच्या रक्तात तं ते आलं नाही, आन बैल तं घरीच असतीन. माशीबी तीच.’’ मी थक्क झाले. इतकी वर्षं हा लेख मी वाचत, शिकवत आले; त्यात रेणू होता, जनुक होतं, आलेख होता. मामांना मात्र त्यात दुसऱ्या दिवशी सकाळी उठून गोठ्यात जाणारा माणूस दिसला. ‘‘हो, होऊ शकतं,’’ मी म्हटलं. ‘‘मंग त्याच्या घरच्यायनं बैल पाहिला पायजे. बैलाले ताप आला का पयले बैलाचं औषध,’’ मामा म्हणाले, आणि मला वाटतं त्या घराला याहून चांगला सल्ला देता येणार नाही.

तेव्हापासून माझ्या प्रॅक्टिकलमध्ये ट्रिपॅनोसोमची रंगवलेली काच असते. अभ्यासक्रमात तिला फारशी जागा नाही, परीक्षेत ती येत नाही. मुलं-मुली बहुतेक गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडची. शिकून ग्रामीण रुग्णालयांत, छोट्या लॅबमध्ये जातात, जिथे दिवसाला तापाच्या कितीतरी काचा येतात आणि प्रत्येकीला फार वेळ देणं परवडत नाही. त्यांना मी सांगते की फॉर्मवर एमपी लिहिलेलं असलं तरी पेशींच्या मधली जागाही पाहायची, स्मिअरच्या कडेपर्यंत जायचं. गेल्या पावसाळ्यात माझ्या एका विद्यार्थिनीचा सकाळीच फोटो आला, मोबाईल आयपीसला लावून काढलेला, अर्धा काळा. रात्री उशिरा दाखल झालेल्या तापाच्या रुग्णाची काच होती. त्यात लांबलचक, वळसे घेतलेलं काहीतरी होतं, ट्रिपॅनोसोमपेक्षा कितीतरी मोठं. मायक्रोफायलेरिया होता तो, हत्तीपायाचा. तो रात्रीच रक्तात उतरतो, आणि रक्त नेमकं रात्री काढलेलं होतं. तिने खाली लिहिलं होतं, ‘‘मॅडम, फॉर्मवर फक्त एमपी मागितलंय. हे लिहू का?’’ मी कळवलं, लिही, आणि डॉक्टरांना स्वतः जाऊन दाखव. तिने दोन्ही केलं, आणि त्याच आठवड्यात त्या रुग्णाच्या घरातल्या सगळ्यांचं रात्रीचं रक्त तपासलं गेलं.